अडीचशे सीसी डर्ट बाइक : स्टार्टिंगचा त्रास आणि कूलंटची गळती (प्रकल्प नोंदी)

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आज गाडी टेम्पोतून उतरवून घेतली. जपानी बनावटीची, २५० सीसीची, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरची आणि फक्त किकवर सुरू होणारी मोटोक्रॉस गाडी आहे. बोअर ७७ मिमी, स्ट्रोक ५३.६ मिमी, इंजिन पाण्यावर थंड होणारे, टाकीच्या दोन्ही अंगांना एकेक रेडिएटर. मालक तरुण आहे. नाशिकच्या आसपासच्या माळरानावर तो सराव करतो. जून-जुलैमध्ये त्याने ती काळ्या मातीच्या चिखलात भरपूर चालवली आणि त्यानंतर परीक्षेमुळे ती टाकीत पेट्रोल असतानाच उभी राहिली.

तक्रारी दोन आहेत. पहिली अशी, की थंड इंजिन चोक ओढून बराच वेळ किक मारल्यावर कसेबसे सुरू होते, पण गरम झालेले इंजिन एकदा बंद पडले की किकने सुरूच होत नाही आणि उतारावर ढकलूनच चालू करावे लागते. दुसरी अशी, की प्रत्येक सरावानंतर रेडिएटरमध्ये पाणी भरावे लागते आणि गाडी उभी असते तेथे फरशीवर हिरवट डाग पडतो. दोन्ही तक्रारी एकाच सुमारास सुरू झाल्यामुळे त्याला कोणीतरी हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधली सील करणारी पातळ चकती) गेल्याचे सांगितले आहे. "काका, सरळ हेड उघडून गॅस्केट टाकून घेऊ या का?" असे त्याने विचारले. मी त्याला चाचण्या पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितले.

हेड गॅस्केटची शंका निराधार नाही. गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये फाटले, तर जळलेल्या वायूचा दाब रेडिएटरमध्ये शिरून पाणी बाहेर फेकतो, आणि इंजिन थांबल्यावर तेच पाणी सिलिंडरमध्ये झिरपून प्लग ओला करते. म्हणजे एका बिघाडातून या दोन्ही तक्रारी उद्भवू शकतात. परंतु त्या दोन स्वतंत्र कारणांनीही उद्भवू शकतात, आणि तसे असेल तर गॅस्केट बदलून एकही तक्रार जाणार नाही. म्हणून या कामातला पहिला प्रश्न "कोणता भाग बदलायचा" हा नसून "बिघाड एक आहे की दोन" हा आहे, आणि त्याचे उत्तर हेडचा एकही बोल्ट सैल न करता मिळवता येते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सोप्या गोष्टी आधी पाहिल्या. प्लग काढला. त्याच्यावर कोरडी काळी काजळी आहे. पाणी जळत असलेल्या सिलिंडरचा प्लग बहुधा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, तसा हा नाही. गॅप ०.७५ मिमी आहे, म्हणजे ठीक. हवेत ६ मिमीचे अंतर ठेवून ठिणगी पाहिली, ती निळी आणि ठळक पडते. चिखलात चालणाऱ्या गाडीचे किल स्विच (ठिणगी तोडून इंजिन बंद करणारे बटण) आतून ओले होऊन अर्धवट जोडले जाते, म्हणून त्याची वायर सोडवून पुन्हा ठिणगी पाहिली, परंतु फरक पडला नाही. स्टेटर आणि पिकअप कॉइलचा रोध थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत पुस्तिकेतल्या मर्यादेत आहे. गरम अवस्थेत मोजणे येथे महत्त्वाचे होते, कारण थंडपणी बरी असलेली कॉइल तापल्यावर तुटते आणि तिची लक्षणे हुबेहूब अशीच असतात.

इंजिन ऑइलची काच पाहिली. तेल काळसर आहे, दुधाळ नाही. तरीही तेलाचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला. तेलात पाणी असेल तर थेंब तडतडतो. हा शांतपणे पसरला. रेडिएटरमधले कूलंट मात्र अगदी फिके झाले आहे, कारण मालक वेळोवेळी नळाचे पाणी भरत आला आहे.

एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. फरशीवर सांडलेले कूलंट मी लगेच पुसून फरशी धुतली. त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते, गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. ज्या गॅरेजमध्ये पाण्याच्या गाड्या उघडल्या जातात, तेथे ही काळजी घेतलीच पाहिजे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कूलिंगची दाब-चाचणी केली. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडून झाकणावर लिहिलेल्या १.१ बारपर्यंत दाब चढवला आणि इंजिन थंड असताना तो तसाच धरून ठेवला. काटा हळूहळू उतरू लागला. होज, क्लॅम्प आणि रेडिएटरचे सांधे कोरडे कापड फिरवून तपासले, ते कोरडेच राहिले. डावा रेडिएटर पूर्वीच्या एखाद्या पडण्याने थोडा वाकला आहे, पण गळत नाही. उजव्या कव्हरखाली मात्र वॉटर पंपाच्या तळाशी असलेल्या छोट्या छिद्राच्या तोंडाशी थेंब जमू लागला. त्या छिद्राभोवती हिरवट-पांढरे कवच धरलेले होतेच.

या छिद्राला वीप होल म्हणतात आणि ते मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला आणि दुसरे तेलाच्या बाजूला, आणि त्या दोघांमधल्या पोकळीतून हे छिद्र खाली उघडते. पाण्याचे सील गेले तर छिद्रातून कूलंट येते आणि तेलाचे सील गेले तर तेल येते, त्यामुळे कोणते सील गेले हे कव्हर न उघडता कळते. येथे फक्त कूलंट येते आहे. गळते म्हणून हे छिद्र एम-सीलने बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तसे केल्यावर बाहेरची गळती थांबते खरी, पण अडलेले पाणी तेलाच्या सीलवर दाब देऊन क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागात, शिरते आणि मग क्रँकच्या बेअरिंगपर्यंत खर्च पोहोचतो.

झाकणही वेगळे तपासले. १.१ बारला उघडायला हवे, ते ०.६ बारलाच सोडते, कारण त्याचे रबर कडक होऊन कडेला चिरले आहे. याचा परिणाम साधा नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून येथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. १.१ बारच्या झाकणाखाली तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तग धरते, तर ०.६ बारच्या झाकणाखाली सुमारे ११२ अंशांनाच उकळी फुटते. या जातीच्या गाड्यांना बहुधा पंखा नसतो आणि सांडलेले पाणी परत ओढून घेणारी बाटलीही नसते. उकळलेले पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून थेट जमिनीवर जाते. वेग असेपर्यंत वारा रेडिएटर थंड ठेवतो, परंतु चिखलात चाक फिरवत एका जागी अडकल्यावर पाणी उकळायला फार वेळ लागत नाही. त्यात या रेडिएटरच्या जाळीत काळी माती घट्ट बसून वाळली आहे.

म्हणजे पाणी दोन वाटांनी जात होते, एक वीप होलची आणि दुसरी झाकणाची. तिसरी वाट, म्हणजे हेड गॅस्केटची, अजून तपासायची आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज लीक-डाउन चाचणी केली. ही चाचणी मला या जातीच्या गाडीसाठी सर्वांत मोलाची वाटते. साधा कॉम्प्रेशन गेज येथे फसवतो, कारण किक हलकी व्हावी म्हणून एक्झॉस्ट कॅमवर ऑटो-डिकॉम्प्रेसर असतो आणि तो कमी वेगाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब सोडून देतो. त्यामुळे निरोगी इंजिनाचा आकडाही कमी दिसतो. लीक-डाउनमध्ये पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत वरच्या जागी, आणून प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा ठरावीक दाबाने आत सोडतात, आणि आत दिलेल्या व आत टिकलेल्या दाबातला फरक वाचतात. हवेने पिस्टन खाली ढकलला जाऊन क्रँक फिरू नये म्हणून रोटरचा नट पान्याने घट्ट धरून ठेवावा लागतो.

थंड इंजिनात १०० पीएसआय दिल्यावर ८२ टिकले, म्हणजे गळती १८ टक्के. मग गाडी ढकलून सुरू केली, चांगली गरम केली आणि लगेच पुन्हा चाचणी घेतली. या वेळी ६६ टिकले, म्हणजे गळती ३४ टक्के. हवा कोठून जाते हे कानाने कळते. सायलेन्सरच्या तोंडाशी आवाज नाही, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बरे आहेत. ब्रीदरच्या (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीशी अगदी मंद आवाज आहे, तो पिस्टनच्या रिंगांमधून जाणाऱ्या हवेचा आणि मर्यादेतला. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मात्र स्पष्ट फुसफुस ऐकू येते. रेडिएटर काठोकाठ भरून झाकण उघडे ठेवले होते. त्यात थंड इंजिनावर एकही बुडबुडा आला नाही, आणि इंजिन कोमट होऊन झाकण सुरक्षितपणे उघडता येण्याजोगे झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हाही आला नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. बिघाड दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. हेड गॅस्केट शाबूत आहे. पाणी पंपातून आणि झाकणातून जाते, आणि कॉम्प्रेशन इनटेक व्हॉल्व्हमधून जाते.

मालकाला फोनवर हे सांगितले. त्याने रेडिएटरमध्ये टाकायच्या गळती-रोधक पुडीबद्दल विचारले. त्याच्या वडिलांनी ट्रकवाल्यांचा हळद टाकण्याचा उपाय सुचवला होता. ट्रकच्या जाड नळ्यांच्या रेडिएटरमध्ये हळदीने घरापर्यंत पोहोचता येत असेल. मोटोक्रॉसच्या रेडिएटरच्या चपट्या, अरुंद नळ्यांत मात्र ती पूड गळतीच्या आधी पाण्याचीच वाट अडवते, आणि फिरणाऱ्या शाफ्टवरच्या सीलला तिचा काहीही उपयोग होत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

टाकी आणि व्हॉल्व्ह कव्हर काढून टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना कॅम आणि व्हॉल्व्हवरची टोपी (बकेट) यांमधली फट, मोजला. इंजिन रात्रभर थंड झालेले होते, रोटरची खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणला होता आणि कॅमचे उंचवटे बकेटपासून दूर आहेत याची खात्री केली होती. या इंजिनाच्या पुस्तिकेत इनटेकसाठी ०.१० ते ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टसाठी ०.१७ ते ०.२२ मिमी दिलेले आहेत. एक्झॉस्टचे दोन्ही व्हॉल्व्ह ०.१८ आणि ०.२० आले. इनटेकच्या उजव्या व्हॉल्व्हखाली ०.०८ ची पाती जाते, त्याहून जाड जात नाही. डाव्याखाली ०.०४ ची पाती कशीबशी सरकते.

स्टार्टिंगच्या त्रासाचे मूळ येथे आहे. अनेकांचा समज असा असतो, की वापराने टॅपेट सैल होतात आणि वाजू लागतात. बकेट आणि शिम (बकेटखाली ठेवून ही फट ठरवणारी मोजक्या जाडीची चकती) असलेल्या या इंजिनांत उलटे घडते. व्हॉल्व्हचा चेहरा आणि तो जेथे टेकतो ती हेडमधली कडा, म्हणजे सीट, झिजत जाते तसा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर बसत जातो, त्याची दांडी कॅमच्या जवळ येते आणि क्लिअरन्स घटतो. आवाज कमी होतो, म्हणून मालकाला इंजिन अधिक चांगले चालते आहे असेच वाटते. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलेला क्लिअरन्सही संपतो आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. किकच्या मंद वेगाला कॉम्प्रेशन त्या फटीतून निसटते. उतारावर ढकलल्यावर क्रँक जास्त वेगाने फिरतो, हवेला निसटायला वेळ मिळत नाही, आणि म्हणून इंजिन पेट घेते. "किकने नाही पण ढकलून होते" हे लक्षण ऐकले, की कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी टॅपेट मोजावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे दोन पिढ्यांचे हात आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांवर तयार झाले. त्या इंजिनात कॅम नाही, टॅपेट नाही आणि पाणीही नाही. स्टार्टिंगचा त्रास म्हणजे प्लग किंवा जेट, हे तेथे बहुतेक वेळा खरे ठरते. मोटोक्रॉसमध्येही २००१ साली यामाहाची वायझेड २५०एफ येईपर्यंत या वर्गात टू-स्ट्रोकचेच राज्य होते. फोर-स्ट्रोक रेसिंग इंजिनाला मात्र फिलर गेज हेच पहिले हत्यार लागते, आणि हे ज्ञान अजून सर्वत्र पोहोचलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत बेअरिंगची दुकाने आणि लेथ बंद होते. शिम, झाकण, सील आणि गॅस्केट यांची मागणी त्याआधीच नोंदवली होती. आज कूलंट व तेल काढून उजवे कव्हर उतरवले.

पंपाच्या पाण्याच्या सीलची ओठाची कडा एका बाजूला कापल्यासारखी झिजली आहे. दोन सीलांच्या मधल्या पोकळीत आणि वीप होलच्या वाटेत वाळलेली काळी माती मिळाली. मालक प्रत्येक वेळी वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊन घेतो. तो फवारा खालून वीप होलवर धरला, की माती आत ढकलली जाते आणि ती फिरत्या शाफ्टवर पॉलिश पेपरचे काम करते. शाफ्टवर जेथे सील बसते तेथे चर पडला आहे. नख फिरवले तर अडते. मायक्रोमीटरने चरापाशी व्यास ०.१ मिमीच्या आसपास कमी भरतो.

अशा शाफ्टवर नवे सील घालणे निरर्थक आहे, कारण सीलच्या ओठाला गुळगुळीत आणि पूर्ण गोल पृष्ठभाग लागतो. लेथवाल्या काकांना दाखवले. ते म्हणाले, "हार्ड क्रोम चढवून ग्राइंड करून देतो, पण एवढ्या बारीक शाफ्टला नवा मिळत असेल तर नवाच घ्या." त्यांचा सल्ला मान्य करून नवा शाफ्ट मागवला. बेअरिंग ६००० क्रमांकाचे आहे, म्हणजे आतून १० मिमी, बाहेरून २६ मिमी आणि जाडी ८ मिमी, आणि ते बेअरिंगच्या दुकानात लगेच मिळाले. हाताने फिरवल्यावर जुने खरखर करत होते, तेव्हा ते बदलायचे हे ठरलेच होते.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

शाफ्ट आला. कव्हर हीट गनने तापवून जुनी सीले व बेअरिंग काढली. नवे पाण्याचे सील ओठ पाण्याच्या बाजूला ठेवून, बाहेरच्या कडेच्या मापाच्या सॉकेटने सरळ दाबून बसवले. ओठाला वॉटरप्रूफ ग्रीसचा पातळ थर दिला आणि शाफ्टच्या चुडीवर (आट्यांवर) गुळगुळीत टेप गुंडाळून मगच तो सीलमधून पार केला, कारण नवे सील चुडीच्या कडेने कापले जाण्याचा प्रकार फार होतो. वीप होल बारीक तारेने आणि हवेने पूर्ण मोकळे केले. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घातला.

त्यानंतर शिम. आधी चेन टेन्शनर काढला, कॅम चेन तारेने बांधून ठेवली आणि चेनच्या बोगद्यात स्वच्छ कापड कोंबले, म्हणजे एखादी शिम आत पडून क्रँककेस उघडण्याची वेळ येणार नाही. डाव्या इनटेकला १.८५ मिमीची शिम होती. तिच्यात मोजलेला ०.०४ मिळवून हवा असलेला ०.१३ वजा केला, तर १.७६ येतात. शिम ०.०५ च्या पायरीने मिळतात, म्हणून १.७५ घातली, म्हणजे क्लिअरन्स ०.१४ झाला. उजव्याला १.८० च्या जागी १.७५ घातली, तेथे ०.१३ आला. कॅम कॅपचे बोल्ट ६ मिमीचे असतात आणि ॲल्युमिनियमच्या चुडीत बसतात. ते टॉर्क रेंचने, आडव्या-तिडव्या क्रमाने, थोडे थोडे आवळले.

कार्ब्युरेटर काढल्यावर एक महत्त्वाची गोष्ट दिसली. एअर फिल्टरमागच्या रबरी बूटच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर बारीक धूळ लागली. फिल्टरची कडा जेथे टेकते तेथे ग्रीसची रिंग नव्हती आणि कडेच्या एका बाजूने धूळ आत जाण्याची रेघ उमटली होती. इनटेकचेच व्हॉल्व्ह का झिजले आणि एक्झॉस्टचे का नाहीत, याचे उत्तर या रेघेत आहे. मोटोक्रॉस इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह वजन कमी ठेवण्यासाठी टायटॅनियमचे असतात. टायटॅनियम मूळचे मऊ असते, आणि त्याच्या चेहऱ्यावर फक्त पातळ कठीण लेप असतो. मुरुमाची बारीक धूळ तो लेप खरवडते. लेप गेला, की आतला धातू झपाट्याने जातो.

पायलट जेटमध्ये (कमी वेगाला इंधन देणाऱ्या बारीक छिद्राच्या भागात) पांढरट, चिकट साका होता. ४२ क्रमांकाच्या जेटचे छिद्र साधारण ०.४२ मिमीचे असते, त्याला अडायला फारसे काही लागत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषते, आणि पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या गाडीत त्याचा असा परिणाम दिसतो. इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ भागच लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावे लागते. म्हणून जेट स्वच्छ न करता एक क्रमांक मोठा, ४५ चा, घातला. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा कडक झाला होता, तोही बदलला.

२ नोव्हेंबर, रविवार

कूलंट भरले. सिलिकेटविरहित तयार कूलंट वापरले, कारण सिलिकेटचे कण पंपाच्या सीलला झिजवतात. ज्यांना घट्ट कूलंट घेऊन पाणी मिसळायचे असेल त्यांनी निम्मे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतो. भरताना पुढचे चाक उंच ठेवून होज दाबत हवा काढली, नवे झाकण बसवले, आणि दाब-चाचणी पुन्हा घेतली. काटा १.१ बारवर स्थिर राहिला आणि वीप होल कोरडे राहिले. रेडिएटरची जाळी कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुतली, वाकलेल्या पात्या सरळ केल्या.

इंजिन थंडपणी चोकवर लवकर सुरू झाले. फ्युएल स्क्रू (कमी वेगाच्या मिश्रणाचे प्रमाण ठरवणारा) पावणेदोन वेढ्यांवर सर्वांत स्थिर आयडल देतो, म्हणजे जेटचा क्रमांक बरोबर आहे. गरम झाल्यावर बंद केले आणि हॉट स्टार्टचा नॉब (गरम इंजिन सुरू करताना जादा हवा आत सोडणारा) ओढून किक मारली. तेही सुरू झाले.

गाडी मालकाच्या ताब्यात दिली, पण काम संपल्याचे सांगितले नाही. शिम बदलून क्लिअरन्स परत येतो, लेप परत येत नाही. लेप शिल्लक आहे की नाही हे काही तास चालवून पुन्हा मोजल्यावरच कळेल. त्यासाठी प्लगच्या वायरवर गुंडाळायचा तास-मापक लावून दिला. एअर फिल्टर नवा घातला, त्याच्या कडेला ग्रीस लावून तो कसा बसवायचा ते मालकाकडून करून घेतले.

१६ नोव्हेंबर, रविवार

मापकावर चार तासांहून थोडे अधिक झाले आहेत. कूलंटची पातळी जेथे होती तेथेच आहे, आणि वीप होलला बांधलेले पांढरे कापड कोरडे आहे. मालकाच्या मते गाडी पूर्ण बरी झाली आहे.

टॅपेट मोजले. एक्झॉस्ट बदललेले नाहीत. उजवा इनटेक ०.१३ वरून ०.१२ वर आला आहे, डावा ०.१४ वरून ०.०८ वर. चार तासांत ०.०६ मिमी जाणे म्हणजे डाव्या व्हॉल्व्हचा लेप संपलेला आहे. आणखी एक पातळ शिम घालून थोडे दिवस निघतील, पण व्हॉल्व्हची कडा पातळ होत जाते आणि मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या आसपास फिरणाऱ्या इंजिनात असा व्हॉल्व्ह तुटला तर पिस्टन, सिलिंडर आणि हेड यांपैकी काहीही वाचत नाही. मालकाला जुनी आणि नवी मापे एका कागदावर लिहून दाखवली. त्याने हेड उघडण्यास संमती दिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

हेड उतरवले. जुन्या हेड गॅस्केटवर वायू निसटल्याची एकही काळी रेघ नाही, म्हणजे लीक-डाउन चाचणीने सांगितले होते तसेच निघाले. डाव्या इनटेक व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर सीट टेकते तेथे वाटीसारखा खळगा पडला आहे. उजव्यावरही लेपाचा रंग एका बाजूने विटला आहे. दोन्ही बदलायचे ठरवले. हेडचा सपाटपणा स्ट्रेट एज आणि फिलर गेजने तपासला. ०.०३ मिमीपर्यंत फट आहे आणि मर्यादा ०.०५ ची आहे, म्हणून हेड घासण्याची गरज नाही.

सीट कापण्याचे काम ज्या यंत्रशाळेत रेसिंगच्या हेडचा अनुभव आहे तेथे दिले. त्यांना दोन सूचना लिहून दिल्या. सीटची टेकण्याची रुंदी ०.९ ते १.१ मिमीच्या आत असावी, आणि नव्या टायटॅनियम व्हॉल्व्हवर ग्राइंडिंग पेस्ट अजिबात लावू नये. लोखंडी व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवण्याची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे, पण टायटॅनियमचा लेप त्या पेस्टने पहिल्याच दिवशी निघून जातो. टेकण कसे आहे ते निळ्या शाईने पाहावे.

७ डिसेंबर, रविवार

हेड परत आल्यावर पोर्टमध्ये केरोसीन भरून ठेवले होते. ज्वलनकक्षाच्या बाजूला ओल आली नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंगची मोकळी लांबी मर्यादेत आहे. नवे हेड गॅस्केट घालून बोल्ट टप्प्याटप्प्याने पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळले. शिमची निवड नव्याने करावी लागली, कारण नवे व्हॉल्व्ह आणि कापलेली सीट यांमुळे दांडीची उंची बदलते. दोन्ही इनटेक आता ०.१३ वर आहेत.

लीक-डाउन थंडपणी ७ टक्के आणि गरमपणी ८ टक्के आला. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी फुसफुस नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही. इंजिन पूर्ण तापवून, पंधरा मिनिटे बंद ठेवून, मालकालाच किक मारायला सांगितली. हॉट स्टार्टचा नॉब ओढून ते सुरू झाले.

गाडीसोबत एक कार्ड दिले आहे. त्यावर आजची मापे, शिमचे क्रमांक आणि तास-मापकाचा आकडा लिहिला आहे. पुढची टॅपेट मोजणी पाच तासांनी, आणि तेव्हा मापे स्थिर असतील तर त्यानंतर दर पंधरा तासांनी. वीप होलवर फवारा मारायचा नाही, एअर फिल्टर प्रत्येक धुळीच्या सरावानंतर साफ करायचा आणि कूलंट कमी दिसले तर नळाचे पाणी न भरता आधी फोन करायचा, एवढे मालकाने स्वतःच्या हाताने कार्डाच्या मागे लिहून घेतले.